ताई, पिशवी द्या की

सकाळी साडेसात ते नऊ ही आमच्या दुकानाची घाईची वेळ. पाव किलो रवा, शेंगदाणे, साबणाची वडी, चहापत्ती. मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ ते वाक्य येतं, "ताई, पिशवी द्या की." एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्यात फोन, बाकी काही नाही. मी नाही म्हणते. राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली त्या २०१८ पासून नाहीच म्हणत आलेय. काहीजण सामान डिकीत टाकतात, काहीजण शेंगदाण्याची पुडी तिथंच ठेवून समोरच्या दुकानात जातात.

गेल्या महिन्यात आमच्या पेठेतले दुकानदार एकत्र बसलो होतो. विषय हाच होता, की पिशव्यांवर नक्की कसला नियम असावा, म्हणजे तो चार दिवसांनी बारगळणार नाही. मला बोलायला पाच मिनिटं मिळाली. तेवढ्यात जे मावलं नाही ते इथं लिहितेय.

आमचं दुकान सांगलीत, मारुती चौकापासून चालत पाच मिनिटांवर. आजोबांनी काढलं, अण्णांनी चालवलं, आता मी चालवते. अण्णांच्या काळात दुकानात पिशवी नव्हतीच. छताच्या हुकाला दोऱ्याचं रीळ टांगलेलं असायचं आणि त्याचं टोक गल्ल्यापर्यंत लोंबायचं. अण्णा कागद डाव्या तळव्यावर घेत, तराजूचं पारडं त्यात उलटं करत, कोपरे आत दुमडत, दोरा दोनदा आडवा आणि एकदा उभा घेत आणि बोटाला हिसका देऊन तोडत. ती पुडी घरी पोचेपर्यंत साखरेचा दाणा सांडत नसे. तेलाला गिऱ्हाईक किटली आणायचं, पिठाला डबा. पिशव्या तर किती तऱ्हेच्या! कुणाची जुन्या धोतराची, कुणाची रंगीत वायरची विणलेली, शेतकऱ्यांची खताच्या पोत्याची शिवलेली. रद्दीच्या शाईत गुंडाळलेला गूळ आज मीही कुणाला देणार नाही, त्यामुळे ते दिवस जसेच्या तसे परत यावेत असं माझं म्हणणं नाही. पण पिशवी आणायचं काम तेव्हा गिऱ्हाइकाचं होतं. मी शाळेत असताना ते दुकानदाराच्या गळ्यात आलं, तेही फुकटात. ते परत घ्यायला आता कुणी तयार नाही.

हा विषय माझ्या जिवाला का लागला तेही सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली. इथली धोक्याची पातळी ४५ फूट. दुकानातल्या वरच्या फळ्यांवरचं सामानसुद्धा भिजलं. पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी मी हरिपूरच्या रस्त्याला गेले होते. नदीकाठच्या बाभळींना पिशव्या लटकलेल्या होत्या, शेकड्यांनी. वरचा शेंडा हिरवा, आणि एका ठरावीक उंचीपासून खाली पांढरं, निळं, काळं. पाणी कुठवर चढलं होतं ते मोजायला पट्टी नको होती. मी एक पिशवी ओढून काढली. गाळानं भरलेली, तोंडाला गाठ तशीच. पुसल्यावर कऱ्हाडच्या एका मिठाईच्या दुकानाचं नाव दिसलं. बासुंदी किंवा फरसाण बांधून दिलं असेल, घरी जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं वापरली असेल. नदीनं ती इथवर आणून माझ्या डोक्यावरच्या फांदीला अडकवून ठेवली होती.

महापूर पिशव्यांनी आणला असं मी म्हणणार नाही. तो पाऊस, धरणं आणि नदीच्या पात्रात केलेल्या बांधकामांचा विषय आहे. पण वळवाच्या एका सरीत आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचतं तेव्हा गटाराच्या जाळीवर काय अडकलंय ते मी स्वतःच्या हातानं ओढून काढलेलं आहे. आणि शिळी भाजी पिशवीत घालून गाठ मारून फेकली की वासावर आलेली गाय ती गाठ सोडवत बसत नाही, पिशवीसकट गिळते.

आता नियमांकडे येते. आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरलेला उपाय म्हणजे जाडी. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गटारं तुंबल्याचं खापर पिशव्यांवरही फुटलं आणि राज्यानं ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. केंद्रानं २०११ मध्ये ४० मायक्रॉनची हद्द घातली, २०१६ मध्ये ती ५० केली, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. विचार असा की पिशवी जाड झाली की महाग होईल, फुकट द्यायला परवडणार नाही, आणि भंगारवालाही ती उचलेल.

मला कुठलीही गोष्ट तोलल्याशिवाय कळत नाही. दहा बाय बाराच्या पातळ पिशव्या, शंभर नग, मी तराजूवर टाकल्या. २८५ ग्रॅम भरल्या. म्हणजे एक पिशवी तीन ग्रॅमसुद्धा नाही. आमच्या गल्लीत भंगार गोळा करणाऱ्या मावशींना एक किलो माल करायचा तर साडेतीनशे पिशव्या गटारातून वेचाव्या लागतील, धुवाव्या लागतील, वाळवाव्या लागतील. त्या पिशव्या त्यांच्या पोत्यात का जात नाहीत हे मला त्या दिवशी समजलं. मग त्याच मापाची १२० मायक्रॉनची पिशवी ठेवली. १७ ग्रॅम. सहापट प्लास्टिक. गिऱ्हाइकानं ती सहा वेळा वापरली तर फिट्टंफाट. एकदा वापरून फेकली तर आपण नियम पाळून गटारात सहापट माल टाकला.

आणि लोक फेकतात. कॅलिफोर्नियात २०१४ च्या कायद्यानं पातळ पिशव्या बंद केल्या, पण २.२५ मिल जाडीची पिशवी १० सेंटला विकायला मुभा ठेवली. २.२५ मिल म्हणजे आपले साधारण ५७ मायक्रॉन. ती 'पुन्हा वापरायची' म्हणून दिलेली पिशवीही बहुतेकांनी एकदाच वापरली. शेवटी २०२४ मध्ये नवा कायदा करून २०२६ पासून तीही बंद करायचं ठरवावं लागलं. शिवाय मंडईत मायक्रॉन मोजणार कोण? एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. ११० आणि १२० मधला फरक माझ्या बोटांना कळत नाही, तपासायला आलेल्या माणसाच्या बोटांनाही कळत नाही. पिशवीवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, बस्स.

मग सरसकट बंदी का नको? राज्यानं ती २३ मार्च २०१८ ला जाहीर केली, साठा संपवायला तीन महिने दिले आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलात तर ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. पहिल्याच वर्षी माझ्याकडे तपासणी झाली. मागच्या कपाटात पाव किलोभर जुन्या पिशव्या राहिल्या होत्या, मी त्या देत नव्हते, पण होत्या. ५,००० रुपये भरले. त्या दंडाबद्दल माझी तक्रार नाही, कायदा माहीत होता आणि कपाट माझं होतं. मला लागलं ते पुढचं. त्याच आठवड्यात स्कूटरवरून पिशव्या पुरवणारा मुलगा नेहमीसारखा दारात उभा. "ताई, टाकू का दोन किलो?" त्याला कुणी अडवलं नव्हतं. माल कुठून येतो विचारलं तर "वरून येतो" म्हणाला. पिशव्या बनवणाऱ्या एका यंत्राला कुलूप लागलं तर भाजीवाल्यांच्या हजार पाट्या तपासत हिंडावं लागत नाही, पण कुलूप लागतं ते पाटीला.

कुणी म्हणेल माल हद्दीपलीकडून येतो. मिरजेहून कागवाड अर्ध्या तासावर, तिथं कर्नाटक सुरू होतं. पण कर्नाटकानं तर आमच्याही आधी, २०१६ मध्ये बंदी घातली होती. कायदा इकडेही आहे, तिकडेही आहे. आणखी एक गोष्ट बऱ्याच दुकानदारांनाही माहीत नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर जी यादी बंद झाली, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचं थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरचं पातळ आवरण, त्या यादीत पिशवी नाही. पिशवीला केंद्रानं जाडीच लावलेली आहे.

पर्यायी पिशव्यांबद्दल माझं मन पुष्कळ बदललं. साडीच्या दुकानात मिळणारी ती कापडासारखी पिशवी कापड नव्हे. तिचा धागा ओढून काडीपेटीची काडी लावा, वितळेल आणि थेंब पडेल. ते पॉलिप्रॉपिलीन आहे. दुसरी, हिरवं पान छापलेली 'बायो' पिशवी. एका विक्रेत्यानं नमुना दिला तो मी घरामागे कंपोस्टच्या कुंडीत पुरला. आठ महिन्यांनी उकरला तर पान तसंच हिरवं. खऱ्या कंपोस्टेबल पिशवीच्या उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि ती कुजायला मोठ्या प्रकल्पातली ऊब लागते. कुंडीत ती ऊब नसते. त्यातून खरी कुठली आणि नुसती हिरवी छापलेली कुठली, हे गल्ल्यावर उभं राहून सांगता येत नाही.

कापडी पिशवी तरी निर्दोष असेल असं मला वाटायचं. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २०११ मध्ये काढलेला हिशेब वाचला आणि थांबले. पातळ प्लास्टिकची पिशवी एकदाच वापरली तरी तापमानवाढीच्या मापानं तिची बरोबरी करायला नव्या सुती पिशवीला १३१ वेळा वापरावं लागतं. कापूस पिकवायला पाणी, खत, वीज सगळंच लागतं. कार्यक्रमात नावं छापून हजारो कापडी पिशव्या वाटतात त्यातली प्रत्येक १३१ वेळा बाजाराला जाते का? माझ्याच घरी अशा अकरा आहेत, दाराआड खिळ्याला टांगलेल्या. जुन्या साडीच्या पिशवीला हा हिशेब लागू नाही. ती साडी आईनं पंधरा वर्षं नेसलेली असते.

राहिला पैसा. आयर्लंडनं मार्च २००२ मध्ये प्रत्येक पिशवीवर १५ सेंट लावले. दुकानदारानं ते स्वतःच्या खिशातून भरायचे नाहीत, बिलावर वेगळे दाखवायचे, गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचे. माणशी वर्षाला ३२८ पिशव्या लागायच्या त्या २१ वर आल्या. पुढे आकडा थोडा चढला तेव्हा २००७ मध्ये त्यांनी १५ चे २२ सेंट केले. आणि सुटे मटण, मासळी, सुटी भाजी यांच्या लहान पिशव्या त्यांनी यातून वगळल्या होत्या. मला हे वगळणं फार शहाणपणाचं वाटतं. ओल्या मासळीला कापडी पिशवी द्या असं म्हणणाऱ्यानं ती एकदा धुऊन बघावी.

आपल्याकडेही पैशाचा रस्ता दोनदा धरला आणि दोनदा सोडला. २०११ च्या नियमांत पिशवी फुकट द्यायची नाही असं स्पष्ट होतं. २०१६ मध्ये पिशव्या देणाऱ्या दुकानदारानं नोंदणी करून वर्षाला किमान ४८,००० रुपये भरायचे असं आलं, म्हणजे महिन्याला ४,०००. भाजीवाल्याला हे कसं जमावं? पैसा पिशवीवर लावायचा सोडून माणसावर लावला. मार्च २०१८ मध्ये ते कलमच काढून टाकलं. त्यात गिऱ्हाइकाला पिशवीचे पैसे म्हणजे लूट वाटते. २०१९ मध्ये चंडीगडच्या ग्राहक मंचानं ३ रुपयांची कागदी पिशवी बिलात लावली म्हणून एका दुकानाला भरपाई द्यायला लावली. त्या पिशवीवर दुकानाची जाहिरात होती, त्यामुळे मला तो निकाल चूक वाटत नाही. पण यातून माझ्यासारखीनं काय शिकावं? एकट्या दुकानानं पैसे मागितले तर तो आगाऊपणा ठरतो. सगळ्यांनी मागितले तर नियम ठरतो.

मी एकटीनं करून बघितलं ते सांगते. बचत गटाच्या बायकांकडून मांजरपाटाच्या २४० पिशव्या शिवून घेतल्या, एक चोवीस रुपयांना पडली. पिशवी मागणाऱ्याला सांगायचं, वीस रुपये ठेवा, परत आणली की वीस परत. परत आलेल्या पिशवीच्या आतल्या शिवणीवर मी शाईचा ठिपका द्यायची. सहा महिन्यांनी वही काढली. ९७ पिशव्या एकदाही आल्या नाहीत. १४३ निदान एकदा आल्या. बहुतेकांवर चार-पाच ठिपके. सगळ्यात जास्त एकतीस, ती शेजारच्या वाड्यातल्या मास्तरांची. एकतीस, आणि पाहिजेत १३१. काही पिशव्यांना मासळीचा वास, त्या धुवायचं काम माझ्यावर. इथवर मी बऱ्यापैकी खचले होते.

मग वहीची मागची पानं उलटली. मी पहिल्या आठवड्यापासून आणखी एक गोष्ट लिहीत होते: पिशवी मागितली, वीस रुपये ऐकले, आणि "राहू दे, असंच द्या" म्हणाले. शंभरातले एकसष्ट. चौथ्या महिन्यात मागणारेच निम्मे झाले होते. ज्यांना पिशवी खरंच नको होती, फक्त फुकट होती म्हणून हवी होती, अशा माणसांची ती मोजणी होती. कापडानं काम केलं नव्हतं, किमतीनं केलं होतं.

म्हणून माझं मत असं बनलंय. पातळ पिशवीवरची बंदी राहू दे, पण ती यंत्रापाशी आणि ठोक विक्रेत्यापाशी राबवा. जी जाड पिशवी केंद्राच्या नियमांत चालते तिच्यावर उत्पादकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी देणं आजही बंधनकारक आहे. त्यात छापील किंमत घाला, समजा पाच रुपये, आणि त्याखाली विकणं किंवा फुकट देणं हा गुन्हा ठरवा. पाटीवर बिल नसतं, पण छापील किमतीला बिल लागत नाही, दुधाच्या पिशवीला लागतं का? त्या पाचातले दोन रुपये पिशवी परत आणणाऱ्याला मिळू देत, म्हणजे भंगारवाल्या मावशी ती वाकून उचलतील. ओल्या मालाला ठरावीक मापाची सूट द्या, आणि डबा आणणाऱ्याला मटणवाल्यानं नाही म्हणायचं नाही.

परत घेण्याची कल्पना २०१८ च्या अधिसूचनेतही होती. दुधाच्या रिकाम्या पिशवीला ५० पैसे. माझ्या दुकानात ते एकदाही घडलं नाही. आठ आण्यांचा हिशेब ठेवायचा कुणी, पिशव्या साठवायच्या कुठं, वास आला तर काय, यातलं काही दुकानदाराला विचारलेलं नव्हतं. त्यातून आपण दुधाची पिशवी कापतो ती कोपरा तोडून. तो नखाएवढा तुकडा मोरीतून थेट नदीला जातो. मी आता कोपऱ्याला चीर देते, तुकडा सोडत नाही. दोन रुपये आणि आठ आणे यांत मोठा फरक आहे, आणि गोळा करणारा माणूस नेमलेला असला तर आणखी मोठा.

आमच्या दुकानाच्या कट्ट्याशी कवठेपिरानच्या एक आजी मेथी-कोथिंबीर घेऊन बसतात. पेठेतली बैठक झाली त्या संध्याकाळी मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी गुडघ्याखालचं पोतं उचललं. खाली पातळ पिशव्यांचा गठ्ठा, रबर लावलेला.

"मी न्हाई दिली तर गिऱ्हाईक पुढच्या पाटीवर जातंय, बाई. धा रुपयाची पेंडी, त्यात माझं दोन रुपयं. पिशवी आठ आण्याची. मला काय हौस हाय व्हय?"

दोन रुपयांतले आठ आणे. रोज तीस पिशव्या धरल्या तर महिन्याला साडेचारशे रुपये त्या वाटून टाकतात, वर दंडाची भीती घेऊन बसतात. मी विचारलं, सगळ्याच पाट्यांना पाच रुपये घ्यावे लागले तर? "मग कोण मागतंय? हातात धरून न्हेतील की. पण सगळ्यांस्नी एकदमच लागू द्या. एकटीनं मी मरायची न्हाई."

पुढची बैठक श्रावणात आहे. मी वही, त्या शंभर पातळ पिशव्या आणि दुकानातला छोटा तराजू घेऊन जाणार आहे. आजींनाही यायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, सकाळची मेथी संपली की येते.